चोवीस पायांची नम्रता

आमच्या पिंप्राळ्याच्या चर्चमध्ये चाळीस कुटुंबं आहेत आणि चाळीसही अत्यंत नम्र आहेत. अडचण तिथूनच सुरू होते. रविवारी उपासना संपली की दारात "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" असं चालतं आणि भर उन्हात पंधरा मिनिटं कोणीच बाहेर पडत नाही. पुढच्या बाकांवर कोणी बसत नाही, कारण मागे बसणं नम्रतेचं. त्यामुळे मागची जागा धरायला लोक अर्धा तास आधी येतात. जो उशिरा येतो त्याला नाइलाजाने पहिल्या बाकावर बसावं लागतं आणि घरी गेल्यावर बायकोचं ऐकावं लागतं.

या सगळ्यांत जास्त नम्र कोण, याबद्दल मात्र मंडळीत दोन तट आहेत. एक तट भाईदास नानांना मानतो. नाना निवृत्त हेडमास्तर. प्रार्थनेत ते स्वतःला "धुळीचा कण" म्हणतात. दुसरा तट मला मानतो. या तटात मी आहे आणि माझी बायको सुनंदा आहे, पण सुनंदाचा भरवसा नाही. मी रुपचंद शिरसाठ, सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त, हल्ली पंच कमिटीचा चिटणीस. नाना धुळीचा कण म्हणाले की मी माझ्या प्रार्थनेत "कणाहूनही क्षुद्र" असं घालतो. त्याच्या खाली उतरायला अजून नानांना शब्द सापडलेला नाही, हे मी कोणत्याही गर्वाशिवाय नमूद करतो.

तर, आमचे नवे पाळकसाहेब पितांबर गावित गेल्या जूनमध्ये साक्रीकडून बदलून आले. तरुण माणूस, फार बोलत नाही. मार्चच्या मीटिंगमध्ये त्यांनी हळूच विषय काढला, की प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तर पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी आपणही तसं करावं. बारा माणसं खुर्च्यांवर बसतील आणि पंचांनी खाली बसून त्यांचे पाय धुवायचे.

"पाय धुवायला कोण तयार आहे?" त्यांनी विचारलं. अकरा पंचांचे अकराही हात वर गेले. जोशाच्या भरात नानांचे तर दोन्ही गेले.

"आणि धुवून घ्यायला?"

एकही हात वर गेला नाही. खुर्चीवर बसून दुसऱ्याकडून पाय धुवून घ्यायचे म्हणजे सगळ्या मंडळीदेखत आपण त्याच्याहून कमी नम्र ठरायचं, हा हिशेब अकराही जणांच्या डोक्यात एकाच वेळी झाला. शेवटी ठराव असा झाला, की धुणारे दोन, मी आणि नाना, प्रत्येकी सहा माणसं. बारा माणसं शोधणं, पाण्याची व्यवस्था आणि फोटो हे चिटणिसाकडे, म्हणजे माझ्याकडे. फोटोचा मुद्दा मीच घातला होता. धुळ्याहून आमच्या सगळ्या मंडळ्यांचं एक मासिक निघतं. नम्रतेचं उदाहरण चार लोकांपुढे गेलं पाहिजे, नाहीतर त्या नम्रतेचा समाजाला उपयोग काय?

दुसऱ्या दिवसापासून मी पाय शोधायला निघालो. ज्या घरी जावं तिथे चहा मिळे, पाय मिळत नसत. "रुपचंदभाऊ, तुमच्यासारख्या माणसाने माझे पाय धरायचे? मला नरकात पाठवता का?" असं म्हणून प्रत्येक जण मला हात जोडी. एकाला भोवरी होती, एकाचं नख काळं पडलं होतं. एका बाईंनी विचारलं, की नेलपॉलिश चालेल का, की पवित्र सप्ताह म्हणून काढावं लागेल? मी म्हटलं, कमिटीपुढे विषय ठेवतो. सवयीने बोललो, पण बाई खरंच मीटिंगची वाट बघत बसल्या.

सगळ्यात लवकर तयार झाला तो योगराज. हा आमच्या मंडळीतल्या एका घरचा जावई, धरणगावला असतो, सणावाराला सासरी येतो. "धुवा की काका," तो म्हणाला. "पहिली खुर्ची माझी ना?" मला त्याच्या श्रद्धेचं कौतुक वाटलं. पुढे त्याच्या सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, लग्नात आम्ही त्याचे पाय धुतले तेव्हा पितळी ताट दिलं होतं. तुम्ही चर्चतर्फे काय देणार?" आता हा विधी वेगळा आणि तो वेगळा, हे मी त्यांना शास्त्राच्या आधाराने अर्धा तास समजावलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "बरं, मग निदान टॉवेल-टोपी तरी करा." ही बातमी दुपारपर्यंत पसरली आणि संध्याकाळी माझ्याकडे एकोणीस जण पाय धुवून घ्यायला तयार झाले. टॉवेल-टोपी मिळणार नाही असं मी जाहीर केल्यावर ते पुन्हा सात झाले. योगराज त्या सातांत होता, कारण हे जाहीर निवेदन धरणगावला पोहोचलं नव्हतं.

आमच्या शेजारी मांगीलालशेठचं किराणा दुकान आहे. माणूस जैन, पण आमच्या चर्चच्या प्रत्येक कार्यक्रमाची त्यांना बारीक माहिती असते, कारण सगळं सामान त्यांच्याकडूनच जातं. पितळी घंगाळ त्यांनीच घरून काढून दिलं. मला म्हणाले, "भाऊ, एक विचारू? ज्याचे पाय मळलेले असतात त्याचे धुवायचे, का ज्याचे स्वच्छ असतात त्याचे?"

"तसं काही नाही शेठ, हा प्रतीकात्मक विधी आहे."

"असं असं," मांगीलालशेठ म्हणाले आणि साबणाची वडी पुन्हा बरणीत ठेवली. "मग साबण लागत नाही."

माझ्या यादीत अकरा नावं झाली होती त्या दिवशीची गोष्ट. मी चर्चमध्ये खुर्च्या मोजत होतो. सुंदरबाई झाडत होत्या. सुंदरबाई आमच्या चर्चच्या झाडलोटीला सव्वीस वर्षं आहेत. मूळच्या पाळकसाहेबांच्याच साक्री तालुक्यातल्या, पण ते यायच्या किती आधी इथे आलेल्या, बोलतात मात्र अजून अहिराणीच. उपासनेला त्या दाराजवळ जमिनीवर बसतात. आम्ही सगळे मागे बसण्यासाठी एवढी धडपड करतो, पण त्यांच्याही मागे बसायची कल्पना कधी कोणाच्या डोक्यात आली नाही.

"भाऊ," त्या झाडू थांबवून म्हणाल्या, "बारा मान्सं भेटनात का?"

"होतील. एक राहिलाय."

"मना पाय चालतीन का?"

त्यांचे पाय चालतील का, हे मी ऐकलंच नाही असं दाखवलं. त्या आणखी जवळ आल्या.

"सव्वीस वरीस व्हई गयात भाऊ, बठ्ठासना पायनी धूय मीच झाडस. एक डाव मना पाय कोनी धोयात तर माले बी बरं वाटी."

सगळ्यांच्या पायांची धूळ झाडणाऱ्या त्या बाई हसत होत्या, पण गंमत करत नव्हत्या, हे मला कळलं. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. टाचांना भेगा होत्या, एकेका भेगेत चार आण्याचं नाणं उभं राहील अशा. मला डोळ्यांपुढे घंगाळातलं गढूळ पाणी दिसलं, मग धुळ्याचं मासिक दिसलं. मी म्हणालो, "सुंदरबाई, तुमचं स्थान तर प्रभूच्या हृदयात आहे. खुर्ची काय, क्षणभंगुर असते. शिवाय यादी कमिटीने मंजूर केलीय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झाडायला लागल्या. कमिटीने कसलीही यादी मंजूर केलेली नव्हती. बारावं नाव मी त्याच संध्याकाळी एका बँकेतल्या गृहस्थांचं घातलं. त्यांचे पाय मी पाहिले होते. बूट घालून घालून अगदी दुधासारखे झाले होते.

आता राहिलं पाणी. आमच्या भागात नळ तिसऱ्या दिवशी येतो, आणि गुरुवार हा माझ्या कॅलेंडरप्रमाणे कोरडा दिवस होता. एप्रिलचा महिना, पारा चव्वेचाळीसवर. मी टँकरसाठी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला.

"कारण : पाय धुणे?"

"हो."

"किती पाय?"

"चोवीस."

"चोवीस पायांना पाच हजार लिटर?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्यांना हाक मारली. दोघांनी मिळून भागाकार केला. "एका पायाला दोनशे आठ लिटर पडतात साहेब. पाय आहेत का बंगले?"

मी त्यांना विधीचं महत्त्व सांगितलं. ते भाविक होते, त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यांच्या छापील फॉर्मवर लग्न, मयत, बांधकाम आणि इतर एवढेच रकाने होते आणि 'इतर'साठी वरून मंजुरी लागत होती. "मयत लिहा ना," ते मदत करायच्या सुरात म्हणाले. "लगेच मिळेल. तुमच्यात गुड फ्रायडेला असतेच ना?" मी ताडकन उठलो. सदतीस वर्षं मी स्वतः लोकांना रकाने दाखवून परत पाठवलं होतं. खिडकीच्या या बाजूने ते फारच वेगळं दिसतं. शेवटी गुरुवारी दुपारी सुंदरबाईंनीच हापशावरून चार हंडे भरून आणले. मी त्यांचे आभार मानले आणि मंडळीपुढे जाहीर आभार मानायच्या यादीतही त्यांचं नाव घातलं, सगळ्यात शेवटी.

पाच वाजता कार्यक्रम सुरू झाला. चर्च गच्च भरलं होतं. बारा खुर्च्यांवर बारा जण बसले होते आणि चर्चभर टाल्कम पावडरचा वास सुटला होता. प्रत्येक जण घरून पाय धुवून, घासून आलेला. बँकेतले गृहस्थ तर नवे मोजे घालून आले होते आणि ते काढून घडी करून खिशात ठेवत होते. सुनंदा मोबाईल धरून समोर उभी होती. तिने नवी नारायणपेठ नेसली होती.

पहिल्या खुर्चीवर योगराज. मी खाली बसलो, गुडघे कडकड वाजले, तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला याचं मला समाधान वाटलं. मी त्याचे पाय धुतले, पुसले. तो उठेना. मी पुढच्या खुर्चीकडे सरकलो तरी तो हात पुढे करून तसाच बसलेला. "काका, टॉवेल?" तो कुजबुजला. मी त्याला पाय पुसायचा टॉवेल दाखवला. त्याने तो पाहिला. मग तो उभा राहिला, चपला हातात घेतल्या आणि सासूबाईंकडे एक जळजळीत नजर टाकून चालता झाला. त्याच्या मागे सासूबाई धावल्या. अशी पहिली खुर्ची रिकामी झाली.

तिकडे नानांनी आपल्या पहिल्या माणसाचे पाय टॉवेलने न पुसता स्वतःच्या उपरण्याने पुसले. मंडळीतून "अहाहा" असा आवाज आला. मी लगेच माझ्या दुसऱ्या माणसाचे पाय शर्टाच्या बाहीने पुसले. नानांनी पुढच्या पायांवर कपाळ टेकवलं. मी दोन्ही पायांवर टेकवलं आणि थोडा वेळ तसाच राहिलो. त्या माणसाला गुदगुल्या झाल्या आणि त्याने मला नकळत लाथ मारली. ती मी हसत स्वीकारली. नानांना कोणी लाथ मारली नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

असं करत उरलेली अकरा माणसं संपली. मग पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "एक खुर्ची रिकामी आहे. कोणी येईल का?"

मी मान वर केली. दाराशी सुंदरबाई उभ्या होत्या. त्या खुर्चीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघितलं. मी झटकन तोंड फिरवलं आणि म्हणालो, "नाना, तुम्ही बसा. तुमचे पाय धुण्याचं भाग्य मला द्या."

"माझे?" नाना म्हणाले. "मी धुळीचा कण. तुम्हीच बसा."

"मी तर कणाहूनही..."

"ते ठाऊक आहे. बसा म्हणतो ना!" असं म्हणून नानांनी माझा दंड धरला. मी त्यांचा धरला. नाना सत्तरीचे, पण आयुष्य पोरं खाली बसवण्यात गेलेलं, हातात ताकद आहे. त्यांनी मला खुर्चीकडे ढकललं, मी त्यांचा पाय पकडला आणि धुण्यासाठी वर उचलला. दुसऱ्या पायावर ते तीन उड्या मारत मागे गेले. "सोडा रुपचंदभाऊ!" ते ओरडले. "आधी नम्रपणे बसा, मग सोडतो!" मीही ओरडलो. तेवढ्यात त्यांचा तोल गेला, त्यांनी घंगाळ धरलं, आणि घंगाळातलं सगळं पाणी सुनंदाच्या नारायणपेठवर गेलं. फोटो निघाला तो नेमका तेव्हा. त्यात नाना जमिनीवर आहेत, मी त्यांचा पाय छातीशी धरून बसलोय आणि दोघांचे चेहरे नम्रतेला शोभणारे नाहीत.

पुढे काय झालं असतं देव जाणे. पण तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली, "नळ आले! नळ आले हो!" बुधवारचं हुकलेलं पाणी गुरुवारी संध्याकाळी सुटलं होतं. ज्यांना ही बाब क्षुल्लक वाटेल त्यांनी आमच्या कॉलनीत एक उन्हाळा काढून बघावा. आधी बायका उठल्या, मग पुरुष, मग पंच. त्या दिवशी दारात कोणी कोणाला "आधी तुम्ही" म्हणालं नाही. आशीर्वादासाठी पाळकसाहेबांनी हात वर केला होता, तो तसाच राहिला. नाना माझ्या हातातून पाय सोडवून माझ्याही पुढे पळाले.

टाकी भरली, पिंप भरलं, सुनंदाने एकही शब्द न बोलता साडी भिजत घातली. बोलली असती तर बरं झालं असतं. मग लक्षात आलं, माझा चष्मा चर्चच्या खिडकीत राहिला. मी परत गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

आत एकच ट्यूब चालू होती. पहिल्या खुर्चीवर सुंदरबाई बसल्या होत्या. खाली फरशीवर पाळकसाहेब बसले होते आणि बाईंचा उजवा पाय घंगाळात धरून धूत होते. पाणी काळं झालं होतं. मी दारातच थबकलो. परत फिरावं असंच वाटलं, पण सुंदरबाईंनी मला पाहिलं.

"या भाऊ. पानी भरी उनात का?"

"हो, भरून आलो," मी म्हणालो.

पाळकसाहेबांनी मान वळवली. रागावलेले नव्हते. "रुपचंदभाऊ, उजवा झाला," ते म्हणाले. "डावा राहिलाय."

मी चर्चभर नजर फिरवली. खरं सांगतो, आधी मी माणसं शोधली. बाक रिकामे होते. नाना नव्हते, सुनंदा नव्हती, मोबाईल घरी. रस्त्यावरून सुद्धा कोणी जात नव्हतं, सगळं गाव पाणी भरत होतं. एवढा मोठा प्रसंग आणि बघायला एक माणूस नाही! तरी मी बसलो. बसलो कारण उभं राहायची लाज वाटली. त्यांचं ते विचारणं, माझं ते "क्षणभंगुर खुर्ची" वगैरे सगळं मला आठवत होतं, आणि सुंदरबाईंनाही आठवत असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "भेगासमा माती शे भाऊ, नीट काढा." मी भेगेभेगेतून अंगठा फिरवून माती काढली. पाणी दोनदा बदललं. ते पाणीही त्यांनीच दुपारी वाहून आणलेलं. शेवटी त्या टॉवेलवर दोन्ही पाय ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या. "मनाच शेतस ना?" म्हणाल्या, जणू ते पाय दुसऱ्याच कोणाचे असावेत, आणि एकट्याच हसल्या. मला एकदम रडू आलं. चष्मा नव्हता म्हणून डोळ्यांत पाणी आलं असंही असेल, पण मला तरी ते रडूच वाटलं.

घरी येताना मी पक्कं ठरवलं, की ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही. आयुष्यात एकदा केलेली खरी गोष्ट, ती झाकूनच ठेवायची. घरी आल्यावर सुनंदाने विचारलं, "पँट का भिजली?" मी म्हटलं, "काही नाही." पण ते मी अशा चेहऱ्याने म्हटलं, की तिला पुन्हा विचारणं भाग पडावं. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. सकाळी घंगाळ परत द्यायला गेलो तेव्हा मांगीलालशेठना सांगितलं, कारण घंगाळ त्यांचं, त्यांना कळायला हवं.

"फोटो काढला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग खरं असेल," शेठ म्हणाले.

शेठकडून ते नानांना कळलं. कळायलाच हवं होतं, त्यासाठीच मी शेठना दोनदा सांगितलं होतं. शनिवारी सकाळी नाना नवं उपरणं घेऊन, सोबत एक फोटोग्राफर घेऊन, सुंदरबाईंच्या घरी गेले. घंगाळही मांगीलालशेठकडून तेच नेलं. दारात बसून म्हणाले, "सुंदरबाई, या पापी माणसाला तुमचे पाय धुवू द्या."

सुंदरबाई स्वयंपाक उरकून बाहेर आल्या. म्हणाल्या, "आते धोयेल शेतस नाना. बठ्ठा भांडा पडेल शेतस, ते घासा."

धुतलेले पाय सोडून नानांना पडलेली भांडी घासायला सांगितली, हे ऐकून मला आनंद झाला. इतका झाला, की दुसऱ्याच क्षणी त्याची लाज वाटली. आणि आपल्याला लाज वाटली हे लक्षात आल्यावर, नानांना अशी लाज कधी वाटली नसती असा विचार येऊन थोडा अभिमानही वाटला. या दुखण्याला काही औषध आहे का, हे मी पाळकसाहेबांना अगदी मनापासून विचारणार आहे. रविवारी, उपासना संपल्यावर, सगळ्यांसमोर.